खारू चालते तेव्हा

दि. ११ फेब्रुवारी

चि. बेबीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुझी खुशाली असेलच असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवली नाहीस. फोन दोनदा पूर्ण वाजला, तिसऱ्यांदा तू कापलास, तेव्हा समजलो. मला राग नाही. पत्राचा एक फायदा असतो, मधेच कोणी तोडत नाही.

दुकान बरं चाललं आहे. कालच एक शिलाई मशीन आलं, टाके सोडणारं. कधी सोडेल आणि कधी नाही याला काही धरबंध नाही. माझी पद्धत तुला माहीत आहे. मी मशीन लावलं, स्टुलावर बसलो आणि हात मांडीवर ठेवून नुसता बघत राहिलो. बिघाड लाजरा असतो. आपण हललो नाही, तर तो आपण होऊन पुढे येतो. खालचा दोरा फिरवणाऱ्या शटलच्या टोकाला केसाएवढा ओरखडा होता, जाड कापड आलं की दोरा तिथे अडकायचा. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. मी नववीत शाळा सोडली आणि बघून बघून शिकलो, त्याचा मला कमीपणा वाटत नाही.

तुझ्या वहिनीचा गुडघा पुन्हा धरला आहे. न्हाणीघराचा नळ गळतो, तो मीच बदलणार आहे.

आता खारूचं.

लस घेऊन महिना उलटला, फरक नाही. तू म्हणाली होतीस की चक्कर आली तर थोड्या वेळाने बरं वाटतं. चक्कर गेली, पाय मात्र राहिला. मी नेमकं लिहितो, म्हणजे तुला नेमकं कळेल. पाय डावा. घोट्यापासून नव्हे, खुब्यापासून. पाऊल उचलत नाही, ओढते. अंगठा फरशीवर घासत येतो, त्यामुळे डाव्या चपलेचं टोक झिजलं आहे. मधेच गुडघा असा लचकतो की जणू मागून कोणी टपली मारली. बसलेली असली तर पाय थरथरायला लागतो आणि टेबलावरचा पेला वाजतो. पोरगी सतरा वर्षांची आहे. तूच तिला खारू नाव ठेवलंस, कारण ती एका जागी ठरायची नाही. आता खिडकीशी बसलेली असते.

स्कॅन झाला, रक्त झालं, नसांची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. डॉक्टर अशा आनंदाने सांगतात की वाटतं पेढे मागतील. नॉर्मल म्हणजे त्यांना दिसलं नाही, एवढंच. दिसत नाही म्हणजे नाही, असं मी माझ्या गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर त्याने मशीन उचलून शेजारच्या दुकानात नेलं असतं.

म्हणून मीच बघतो आहे. घरातल्या पॅसेजमध्ये शिंप्याच्या खडूने सरळ रेघ आखली आहे, दारापासून मोरीपर्यंत. सकाळी तोंड धुतल्यावर आणि संध्याकाळी मी दुकान बंद करून आल्यावर खारूला त्या रेघेवरून चालवतो. फोनवर टिपूनही ठेवतो, डॉक्टरांना दाखवायला. तुझी वहिनी म्हणाली, "पोरगी आहे ती, मशीन नाही." मी म्हणालो, "मशीन असती तर एव्हाना शिवायला लागली असती." त्यावर दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

टोचलं तुझ्या हाताने, म्हणून तुला विचारतो. दंडात नेमकं कुठे टोचलंस? सुई पूर्ण आत गेली तेव्हा ती हलली का? बाटली गार होती की बाहेर काढून ठेवलेली? डावा दंड आणि डावाच पाय, यात काहीच नाही असं मला पटवून दे. मी आरोप करत नाही. मी विचारतो आहे.

त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या हॉलमध्ये माझा आवाज थोडा चढला, ते तू फारच मनाला लावून घेतलंस असं दिसतं. बापाच्या जागी उभी राहून बघ. आणि लोकांच्या फोनवर काय फिरतं त्याला मी काय करणार? हल्ली कोण कुठून काय पाठवतो, पत्ता लागत नाही. तुला टोचण्याच्या कामावरून काढून औषधांच्या कोठारात बसवलं असं ऐकलं. वाईट वाटलं. तात्पुरतं असेल.

आई गेल्यावर तुझं नर्सिंगचं शिक्षण मी थांबू दिलं नाही, हे मी कधी काढत नाही. आत्ताही काढत नाही.

उत्तर दे. मुद्द्याला धरून दे.

तुझा,
दादा


दि. २ मार्च

चि. बेबीस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणायचं ते. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहिलेलं पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "सुई दंडाच्या स्नायूत दिली. तिथून पायाची नस जात नाही. चक्कर आली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मेंदूच्या डॉक्टरांकडे ने. रेघ पूस." दादा हा शब्द लिहिण्याइतकीसुद्धा शाई नव्हती वाटतं.

रेघ पुसली नाही. डॉक्टरांकडे मात्र नेलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याएवढ्या वयाच्या असतील. घाई नाही, बडबड नाही. आधी त्यांनी खारूलाच सगळं विचारलं. मी मधे सांगू लागलो की पाय खुब्यापासून ओढतो, तर म्हणाल्या, "तुमची पाळी येईल." मग तिला उताणं झोपवलं. तिच्या डाव्या टाचेखाली आपला तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "टाच खाली दाब." खारूने डोळे मिटले, दात आवळले, कपाळावर घाम आला. टाच काही दाबली जाईना. मग म्हणाल्या, "ते सोड. आता उजवा पाय वर उचल, मी वरून धरते, मला हरव." खारूने उजवा पाय उचलला. बाईंचा एक हात अजून डाव्या टाचेखालीच होता. त्यांनी मला बोलावलं, "या, आता तुम्ही हात ठेवा."

मी हात ठेवला. बेबी, डावी टाच माझ्या हातावर दाबत होती. चांगली दणकून. माझी बोटं गादीत रुतली.

बाईंनी खारूला बसवून तेच पुन्हा करून दाखवलं, समजावलं. नस शाबूत आहे, स्नायू शाबूत आहेत. ‘आता पाय हलव’ असं ठरवून सांगितलं की निरोप पोचत नाही, लक्ष दुसरीकडे असलं की पोचतो. हा खरा आजार आहे, पुष्कळांना होतो, त्याची तपासणी हीच, आणि यातून माणूस बरा होतो, फक्त वेळ लागतो, व्यायाम लागतो. मी विचारलं, "लसीने झालं ना?" त्या म्हणाल्या, "लसीतल्या औषधाने तिची नस बिघडलेली नाही. सुई, भीती, चक्कर, त्या वेळी पाय लटपटले. मेंदूने तो लटपटलेला पाय तसाच धरून ठेवला. कुणाला हे पडल्यावर होतं, कुणाला ऑपरेशननंतर, कुणाला कारणच सापडत नाही. आणि ती हे मुद्दाम करत नाही, हे घरात सगळ्यांनी लक्षात ठेवायचं."

हे सगळं मी ऐकलं. शब्दन् शब्द सांगू शकतो, बघतेसच. पण बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली होती. टाच दाबली गेली. म्हणजे दाबता येते.

बसमध्ये खारू खिडकीकडे तोंड करून हसत होती. दीड महिन्यात पहिल्यांदा. म्हणाली, "बाबा, माझा पाय मेला नाहीये." मी हिशेब करत होतो, टाच दाबता येते तर चालता का येत नाही.

आता जे घडलं ते लिहितो. परवा सकाळी तुझी वहिनी अंघोळीला गेली होती. खारू खिडकीशी, पाय स्टुलावर. मी दुकानाला निघालेला, किल्ल्या विसरलो म्हणून परत फिरलो. दार उघडंच होतं. ओट्यावर दूध वर येत होतं. खारूने ते पाहिलं आणि ती उठली आणि गेली. नुसती गेली. टाच, मग चवडा, पुन्हा टाच, चवडा, गॅस बंद, पातेलं बाजूला. मधे कुठे भिंत नाही, ओढणं नाही, लचकणं नाही. फडका घेऊन ती वळली आणि दारात मी.

माझ्याकडे बघितलं आणि गुडघा गेला. माझ्या डोळ्यांसमोर. मला बघितल्यावर.

तेव्हा मी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

त्या दिवसापासून दोन्ही पाय गेले आहेत. उजवासुद्धा. न्हाणीघरात जायला आईचा खांदा लागतो, आणि तिच्या आईचा तर गुडघा धरलेला, तेव्हा दोघी अशा जातात की मला बघवत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते. मी खोलीत गेलो की पांघरूण पायांवर ओढून घेते, उकाड्यातसुद्धा.

मला झोप नाही. दुकानात काल सुई उलटी बसवली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

बेबी, तू अशा मुली पाहिल्या असशील. मला औषधं नकोत, उपदेश नको. एकच सांग. ती माझ्याशी खोटं वागते आहे का? होय की नाही एवढंच लिही. पुठ्ठ्यावर लिही, चालेल.

दादा


दि. २९ मार्च

बेबी,

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. त्याऐवजी खारूला फोन केलास. रोज दुपारी करतेस, हे मला परवा कळलं. मी वहिनीला विचारलं, "काय बोलतात एवढं?" ती म्हणाली, "पाय सोडून सगळं."

हे पत्र पोस्टाने येणार नाही. खारूच घेऊन येईल. ती आतल्या खोलीत पिशवी भरते आहे. मी बाहेरच्या टेबलाशी बसून लिहितो आहे, आणि लिहीत राहणार आहे, कारण कागदावरून नजर उचलली तर ती कुठे जाईल ते मला माहीत आहे.

क्रमाने सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या व्यायामाच्या जागी तिला नेलं. दोन्ही हातांनी तिला धरून जिना चढवला. तिथली मुलगी, फिजिओ, खारूपेक्षा फार मोठी नसेल. खोलीत दोन लांब कठडे, एक मोठा चेंडू, भिंतीवर आरसा, त्यावर चादर टाकलेली. मी विचारलं, "आरसा का झाकला?" ती म्हणाली, "तुम्हालाही झाकायचं आहे, काका. या खुर्चीवर बसा, भिंतीकडे तोंड करून. फोन माझ्याकडे द्या." मी म्हणालो, मी तिचा बाप आहे, मला कळायला हवं. "म्हणूनच," ती म्हणाली.

बसलो. समोर पिवळी भिंत, तिला एक खिळा. मागे त्या दोघींची बडबड. फिजिओ तिला उलटं चालायला सांगत होती, चेंडू झेलायला सांगत होती, मधेच विचारत होती, "तुमच्या वर्गात सगळ्यात आगाऊ कोण?" खारू सांगत होती. खारू हसत होती. मग फिजिओ म्हणाली, "हा चेंडू त्या कोपऱ्यात ठेवून ये, आणि तो तुझा आगाऊ पोरगा बाईंना काय म्हणाला ते सांगत ये."

मी तीस वर्षं कानाने मशीन ओळखली आहेत. भिंतीकडे तोंड असलं तरी मला ऐकू आलं. टाच, चवडा, टाच, चवडा. सारखं. दोन्ही पाय. घासण्याचा आवाज नाही.

मी वळलो.

ती धप्पकन खाली बसली. रडली नाही. गादीवरून माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं? पाहिलंत?"

फिजिओ मला बाहेर घेऊन आली. मी तिला सांगितलं की मला समजलं आहे, सगळे भाग चांगले असतात पण सुई आणि शटल एकमेकांना वेळेवर भेटत नाहीत, तेव्हा मशीन टाका घेत नाही, हे तसंच आहे, तर ते जुळवायला मी काय करू? ती हसली. म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे. फक्त एक फरक आहे. मशीनला कळत नाही की कोणी बघतंय. हिला कळतं. आणि तुम्ही बघता तेही कसं! तोंडात स्क्रू धरून बघतात तसं."

मी विचारलं, "माझ्यामुळे झालं का?"

"तुमच्यामुळे झालं नाही. पण घरात सकाळ-संध्याकाळ परीक्षा असेल तर पास कोण होईल? चालताना तुमचं-माझं लक्ष पायाकडे नसतं म्हणून आपण चालतो. तुम्ही तिचं लक्ष धरून पुन्हा पुन्हा त्या पायावर नेऊन ठेवता."

आठवतं का बेबी, तू मला बिघाड लपून बसतो म्हणून चिडवायचीस, दादा त्याला वाट बघून दमवतो म्हणायचीस. इथे मी बघत बसलो आणि बिघाड माझ्या बघण्यावर पोसला गेला. आणि लसीच्या दिवशी संध्याकाळी, जेव्हा पाय नुसता जड वाटत होता, तेव्हाही मी तिला पलंगावर बसवून म्हणालो होतो, "उचल बघू. परत. परत. नीट उचल." हे मी तुला लिहिलं नव्हतं. डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

आता दुधाच्या दिवशी काय बोललो ते.

मी म्हणालो, "नाटक बंद कर." ते एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पुढे म्हणालो, "तुझ्या या नाटकापायी मी सख्ख्या बहिणीची चारचौघांत अब्रू काढली."

ती जमिनीवर होती, हातात फडका. म्हणाली, "मी कुठे सांगितलं होतं काढायला?"

व्यायामाहून परत येताना बसमधून उतरलो तर कोपऱ्यावरची बटणवाली पुढे आली. "अगं बाई, हीच ना ती?" आणि खाली बघितलं. बेबी, मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष दिलं. लोक माझ्या पोरीच्या आधी पायांकडे बघतात, मग तोंडाकडे. इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरची पोरं, माझी गिऱ्हाइकं. सगळा रस्ता म्हणजे माझीच रेघ. खारू माझ्या दंडाला लोंबकळत होती. घरात आल्यावर तिने विचारलं, "बाबा, तो व्हिडिओ कोणी पाठवला?"

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की कोण काय पाठवतो याचा पत्ता लागत नाही. मला पत्ता होता. तो माझाच होता. डॉक्टरांना दाखवायला म्हणून टिपलेला व्हिडिओ मी शिंप्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली लिहिलं: ‘ही माझी मुलगी. हिला सख्ख्या आत्याने टोचलं.’ तेव्हा वाटलं, मी खरं तेच लिहितो आहे. एकही शब्द खोटा नव्हता. पण त्यातून निघणारा अर्थ खोटा होता आणि तो निघावा म्हणूनच मी तसं लिहिलं होतं. तिथून तो कुठे कुठे गेला, ते तुझ्या केंद्रापर्यंत आलाच.

खारूला मी सांगितलं, "मी." तिने नुसती मान हलवली. तिला माहीत होतं. मी कबूल करतो का ते बघत होती.

ग्रुपवर मी लिहिलं की माझी चूक झाली, लसीने पाय गेला नाही, माझ्या बहिणीचा यात काही दोष नाही, कोणी तो व्हिडिओ पुढे पाठवू नये. दोघांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. तिसऱ्याने विचारलं, माझं मशीन कधी मिळेल. व्हिडिओ अजून फिरतो आहे. तो मला थांबवता येत नाही.

मंगळवारी तुझ्या केंद्रात गेलो. लसीचाच दिवस होता, हॉल बायकापोरांनी भरलेला. तू कोठारात होतीस, तुला हाक मारली नाही. त्याच हॉलमध्ये उभा राहून मोठ्याने सांगितलं की मागे इथे मी जे बोललो ते चुकीचं होतं, माझ्या बहिणीने नीट टोचलं, मुलीला चक्कर आली तर तिला मांडीवर घेतलं, आणि मुलीचा आजार खरा आहे पण लसीतल्या औषधाने झालेला नाही. एक आई म्हणाली, "मग आम्ही टोचून घ्यायचं की नाही, ते सांगा." मी म्हणालो, "ते मला विचारू नका, त्या डॉक्टरांना विचारा. मी शिलाई मशीनवाला आहे." कोणीतरी हसलं. मोठे डॉक्टर बाहेर आले, मी त्यांना पुन्हा तेच सांगितलं. तुला तुझ्या जागी परत आणणार का विचारलं. ते म्हणाले, बघू. मी आग्रह धरला नाही. आवाज चढेल अशी भीती वाटली. पुन्हा जाईन. ते ‘बघू’ म्हणत राहिले तरी जात राहीन.

रेघ तुझ्या वहिनीने पुसली. केव्हा, ते मी विचारलं नाही.

मी आता खोलीत शिरताना खाकरतो. जेवताना ताटाकडे बघतो. फिजिओकडे तिला तिची आई नेते. म्हणे परवा कठडा सोडून खोलीच्या टोकापर्यंत गेली, काल पुन्हा तीन पावलांत पडली. असं होत राहणार म्हणतात, एक दिवस पुढे, दोन दिवस मागे. मला हे कोणी सांगत नाही. दोघी आत कुजबुजतात ते कानावर येतं, आणि खारू आता भिंत धरून घरात एकटी फिरते तेही. कानांना झाकण नाही, त्याला काय करू?

खारूने परवा जेवताना सांगितलं, "मी आत्याकडे जाते थोडे दिवस. तिथे मला कोणी ओळखत नाही." वहिनी म्हणाली, मी सोडायला येते. "नको." मी म्हणालो, रिक्षा करून देतो, दारापर्यंत जाईल. "नको, बाबा. बसने. एकटी." मी घास गिळला आणि म्हणालो, बरं.

बरं म्हणालो, बेबी, पण काल दुपारी दुकान बंद करून त्याच बसने तुझ्या घरापर्यंत जाऊन आलो. राहवलं नाही. बसची पहिली पायरी उंच आहे, चढताना उजव्या हाताला दांडा आहे पण उतरताना नाही. तुझ्या स्टॉपवर फुटपाथ उखडलेला आहे, डावीकडून गेलं तर सपाट आहे. तुझ्या इमारतीच्या जिन्याचा कठडा दुसऱ्या मजल्यावर हलतो. तो मी घट्ट केला, पाना बरोबर होताच. तुझ्या दारापर्यंत आलो नाही. यातलं एक अक्षरही तिला सांगितलं नाही आणि तूही सांगू नकोस. हे शेवटचं.

ती पॅसेजमध्ये आली आहे. आईशी कुठल्या चपला घालायच्या यावरून वाद चालला आहे. मी खालीच बघतो आहे. अक्षर बिघडलंय ते त्यामुळे.

तुझ्याकडे ती किती दिवस राहील ते तिने ठरवावं. तू माझ्याशी बोलावंस असं मी मागत नाही. तिच्याशी बोलत राहा. पाय सोडून सगळं.

एक मागणं आहे. ती पोचली, एवढंच कळव. कशी आली, कुठे थांबली, काय धरलं, कोणता पाय, हे लिहू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. मी विचारणार, माझा मला भरवसा नाही. तरी सांगू नकोस.

या वेळी वर आशीर्वाद लिहिले नाहीत. मोठा भाऊ म्हणून ते लिहायची सवय होती. आता ते तू मागितलेस तर देईन.

ती टेबलाशी आली. पत्र मागते आहे. हात पुढे केलेला दिसतोय, तेवढंच बघतो.

पोचली, एवढंच.

दादा